थोटकाचा वकील

दर रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली की माझे घरमालक ऱ्हाईन नदीत एक सफरचंद टाकत आणि काठाकाठाने त्याच्या मागे पळत सुटत. अंगात काळा सूट, डोक्याला काळी हॅट, हातात साखळीचं घड्याळ, वय सत्तरीला टेकलेलं. चर्चच्या नदीकडच्या पायरीपासून निघायचे ते जुन्या नावाड्याच्या घराच्या दारापर्यंत. सफरचंद तिथून पुढे गेलं की घड्याळ बघायचे, वहीत आकडा टिपायचे आणि जाहीर करायचे, "आज नदी नाराज आहे." ज्या देशात रविवारी भिंतीत खिळा ठोकला तर शेजारी दारात उभा राहतो, त्या देशात या माणसाला कधी कोणी अडवलं नाही. सफरचंद तरंगताना आवाज करत नाही, एवढाच त्यांचा बचाव होता आणि तो पुरत असे.

मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत तीन वर्षं भाडेकरू होतो. गोष्ट एकोणीसशे अठ्ठावन्न-एकोणसाठच्या सुमाराची. जवळच्या शहरातल्या तांत्रिक विद्यापीठात मी नद्यांच्या प्रवाहावर डॉक्टरेट करत होतो आणि खोली शोधत होतो. माझा चेहरा बघितला की त्या शहरातली रिकामी खोली तत्काळ भरत असे. कंटाळून मी आगगाडीने अर्ध्या तासावरच्या या खेड्यात आलो आणि एका दाराची घंटा वाजवली. दार उघडलं ते या गृहस्थांनी. गावच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. जर्मन हुद्दा लांबलचक होता. मी मनात त्यांना मास्तर म्हणायचो, इथेही तेच म्हणतो.

"काय शिकता?"

"नद्या."

"तुमची नदी कोणती?"

"कृष्णा. मी सांगलीचा."

"उन्हाळ्यात वेग किती असतो तिचा?"

मी ठोकून दिलं, "सेकंदाला अर्धा मीटर."

"स्वतः मोजलात?"

"नाही."

"बरं, मग मत कशाला देता? आधी मोजा, मग मत द्या. खोली वर आहे. अंघोळीचं पाणी शनिवारी तापतं."

'आधी मोजा, मग मत द्या' हे वाक्य मी त्या घरात दिवसातून चार वेळा ऐकलं. सूप अळणी आहे म्हणालो तर मास्तर मिठाचा चमचा तराजूत टाकायला उठत. थंडी फार आहे म्हणायची सोय नव्हती, किती अंश ते सांगावं लागे. एकदा माझा पुण्याचा मित्र शरद भेटायला आला आणि कौतुकाने म्हणाला, "तुमची बाग मोठी आहे हो." मास्तरांनी घडीची पट्टी त्याच्या हातात ठेवली. बिचारा भर पावसात अर्धा तास कोबीच्या वाफ्यांतून ओणवा फिरत होता. जाताना मला हळूच म्हणाला, "तू इथं राहतोस की शिक्षा भोगतोयस?"

मास्तरांच्या बायकोला हे सगळं पाठ होतं. जर्मन भाषेत ती त्यांना 'डू', म्हणजे 'तू'च म्हणायची, पण तिच्या बोलण्यातला तो खास सूर माझ्या सांगलीकर कानांना 'अहो' असाच ऐकू यायचा, म्हणून मी तसंच लिहितो. ती म्हणायची, "अहो, लग्नाआधी सांगितलं असतंत की या घरात आपण तिघं राहणार, तर मी जरा मोठं पातेलं घेतलं असतं."

तिसरा माणूस मरून सव्वाशे वर्षं उलटली होती.

तो होता जर्मनीतला एक जुना गणिती. ज्या काळात नदीकाठचे लोक पुराला फक्त देवाचा कोप समजत, त्या काळात याने पाण्याचा वेग मोजून, कागदावर समीकरणं मांडून नदीला वळण लावायचं ठरवलं. मास्तर त्याचं चरित्र लिहीत होते. वीस वर्षं लिहीत होते. बोलताना त्याचं नाव न घेता नुसतं 'ते' म्हणत, आणि असं काही म्हणत की मी पहिल्या आठवड्यात समजलो, कोणी थोरले भाऊ बाहेरगावी गेलेले आहेत. 'ते' एका पिंपं करणाऱ्याचे चिरंजीव. आठव्या वर्षी बापाच्या प्रत्येक पिंपात किती पाणी मावेल ते तोंडी सांगत. पुढे शिकले आणि एका संस्थानिकाच्या पदरी नद्यांचे अभियंते झाले. तेव्हाची जर्मनी म्हणजे आपल्या दक्षिण महाराष्ट्रासारखी, दर दहा कोसांवर एक संस्थान आणि प्रत्येकाचा निराळा रुबाब. आमच्या खेड्याच्या संस्थानिकाने त्यांना वरच्या अंगाच्या संस्थानातून मागून आणलं. नदी दर पुरात गावची कुरणं खात होती, ती थांबवायची होती. त्यांनी मोजलं, गणित केलं आणि सांगितलं, काठापासून नदीत दगडाचा एक बांध घाला, प्रवाह पलीकडे वळेल. नकाशा हातात देऊन ते दुसऱ्या कामाला गेले. गावाने बांध घातला. पुढच्या पुरात नदीने बांधाला वळसा घातला आणि उरलेलं कुरणही नेलं. गणिती परत आले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना होडीतून उतरू दिलं नाही. नोकरी गेली. कुठल्याशा परक्या गावात भाड्याच्या खोलीत ते वारले. त्यांचं शेवटचं पत्र मास्तरांकडे होतं. त्यात दोनच ओळी कामाच्या होत्या: 'मी सगळं गणित पुन्हा केलं. मी चुकलेलो नाही.'

बांध मात्र अजून उभा होता. नदीत साठ मीटर घुसलेली काळ्या दगडांची ती रांग गावाच्या दृष्टीने निव्वळ अवलक्षण होती. सगळे तिला 'थोटूक' म्हणत. शिंप्याने बाही आखूड शिवली की गिऱ्हाईक म्हणे, "काय रे, गणित्याकडून माप घेतलंस?" लहान मुलाचं उत्तर चुकलं तरी हेच. मास्तर पस्तीस वर्षं शाळेत शिकवत होते आणि पस्तीस वर्षं वर्गात हे वाक्य बोलायला बंदी होती. बंदी असल्यामुळे मुलांनी ते जिवापाड जपलं.

चरित्राची बावीस प्रकरणं तयार होती. तेविसावं, म्हणजे या गावाचं, होत नव्हतं. मास्तर ते दर हिवाळ्यात लिहीत आणि वसंतात फाडून टाकत. कारण त्यांनी स्वतःच तपासून बघितलं होतं. मूळ नकाशात बांधाची लांबी दोनशे चाळीस फूट होती. त्या काळी या गावात फूट म्हणजे पंचवीस सेंटिमीटर. दोनशे चाळीस फुटांचे झाले साठ मीटर. थोटूक बरोबर साठ मीटर. म्हणजे गणित्याने सांगितलं तेवढंच गावाने बांधलं, आणि तरी नदी फिरली.

"मग चुकलेच की ते," मी एकदा बोलून गेलो.

मास्तरांनी सूपचा चमचा खाली ठेवला. "ते चुकत नसत."

"पण तुम्हीच मोजलंत ना?"

"होय. मोजलं. म्हणूनच लिहिता येत नाही."

बायको म्हणाली, "सूप गार होतंय. किती अंश गार, ते नंतर बघा."

माझ्या दुसऱ्या वर्षी नदी खात्याने ठरवलं की आता मोठ्या बोटी येणार, त्यांना अडचण नको, म्हणून थोटूक सुरुंग लावून काढून टाकायचं. त्याआधी रीतसर अभ्यास हवा. अभ्यास आला आमच्या विद्यापीठातल्या जलसंशोधन संस्थेकडे आणि माझ्या प्राध्यापकांनी तो दिला माझ्याकडे. संस्थेच्या भल्यामोठ्या शेडमध्ये मी त्या गावची ऱ्हाईन बांधली. शंभर मीटरला एक मीटर या प्रमाणात सिमेंटचे काठ, वाळूचा तळ, पंपाने सोडलेलं पाणी आणि त्यात साठ सेंटिमीटरचं थोटूक. पाण्यात जांभळा रंग सोडला की प्रवाहाची वाट डोळ्यांना दिसते. रंग थोटकाच्या टोकापर्यंत गेला, तिथे गिरकी घेतली आणि सरळ गावच्या काठावर जाऊन आदळला. मग मी थोटूक काढून टाकलं. रंग जरा सौम्यपणे आदळला. निकाल स्वच्छ होता. सव्वाशे वर्षांपूर्वी गावाने जे काठावरून ओरडून सांगितलं, तेच मी आता पंपाच्या साक्षीने सिद्ध केलं होतं.

अहवालावर सही करायला तीन आठवडे होते. नदी खात्याचे अधिकारी येणार, त्यांच्यासमोर प्रयोग होणार आणि मग सुरुंग. हे घरी सांगायचं कसं, या विचारात मी दोन दिवस बाहेरच जेवलो. तिसऱ्या दिवशी सांगितलं. मास्तर उठले आणि बावीस प्रकरणांचे गठ्ठे माझ्यासमोर आणून ठेवले.

"हे तुमच्या संस्थेच्या ग्रंथालयाला द्या. सुरुंग लावल्यावर मला यातलं काही करायचं नाही."

"मास्तर, बाकीचं आयुष्य तर खरं आहे ना त्यांचं?"

"ज्या एका गोष्टीवर त्यांनी अखेरपर्यंत हट्ट धरला, ती खोटी ठरली. मग बाकीचं छापून कोणाला वाचायला देऊ?"

बायकोने ते गठ्ठे उचलले आणि आत नेऊन ठेवले. मी जिना चढताना म्हणाली, "हे तुम्ही कुठेही नेणार नाही. ऐकलंत?"

त्याच आठवड्यात आईचं पत्र आलं. निळ्या कागदावर, कडेपर्यंत कोंबून लिहिलेलं. वाचकहो, इथे मी लोणच्याबद्दल लिहिणार आहे, तर कृपया कंटाळू नका. आईने लिहिलं होतं: 'यंदा लोणचं तुझ्या मिरजेच्या आत्याच्या प्रमाणाने घातलं. शंभर कैऱ्यांना पाच मापटी मीठ. सगळंच्या सगळं बुरसलं. तुझे वडील म्हणाले, माझ्या बहिणीला लोणचं येत नाही हे मान्य कर. मी तिला तसं पत्र टाकलं. ती रडत आपलं मापटं घेऊन सांगलीला आली. बघते तर तिचं मापटं आपल्यापेक्षा चांगलं बोटभर उंच. सहा मैलांवरचं गाव, पण तिथलं संस्थान वेगळं होतं ना. तीही बरोबर, मीही बरोबर, लोणचं तेवढं गेलं. आता म्हणे किलो येणार आहेत. येईनात का.'

मी पत्र दोनदा वाचलं आणि मोजे न घालताच जिना उतरून खाली आलो.

"मास्तर, गणिती गावात आले ते कुठून?"

"वरच्या अंगाच्या संस्थानातून. सातवं प्रकरण."

"मोजायची साखळी कोणाची होती त्यांच्याकडे?"

"स्वतःची. तिकडूनच आणलेली."

"तिकडे फूट केवढं होतं?"

मास्तर मला उत्तर देणार होते. तोंडही उघडलं होतं. मग ते तसेच उघड्या तोंडाने खुर्चीत बसले. "तीस सेंटिमीटर," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "पण नकाशा आमच्या पंचायतीच्या पेटीत सापडला. मी आमचंच फूट धरलं. आणि ते जुळलं. थोटकाशी अगदी बरोबर जुळलं."

"जुळणारच. गवंड्यांनीही गावचंच फूट धरलं असेल."

"हे तुमचं मत झालं," मास्तर उभे राहत म्हणाले. "मोजायचं काय?"

मोजण्यासारखं एकच होतं. गणित्याची वेगाची वही मास्तरांकडे होती. तेही सफरचंदंच टाकत, मास्तरांनी ती पद्धत त्यांच्याकडूनच घेतली होती. वहीत पहिल्याच पानावर लिहिलं होतं: 'चर्चच्या पायरीपासून नावाड्याच्या दारापर्यंत सहाशे फूट.' पायरी तिथेच होती. दारही तिथेच होतं. ते अंतर मोजलं की त्यांच्या साखळीतलं फूट केवढं होतं ते कळणार होतं.

"म्हणजे तुमच्या रविवारच्या धावण्याची वाट. ती किती मीटर आहे?" मी विचारलं.

"दीडशे."

"मोजलीत?"

मास्तर लाल झाले. "त्यांनी मोजलेलं मी पुन्हा मोजणार? शोभतं का ते?"

ज्या माणसाने शरदला पावसात कोबी मोजायला लावला, तो वीस वर्षं दर रविवारी एका न मोजलेल्या वाटेवरून धावत होता. त्यांच्या वहीतला नदीचा वेग आमच्या संस्थेच्या यंत्रापेक्षा नेहमी कमी भरायचा, आणि ते म्हणायचे, तुमच्या यंत्राला घाई फार.

आम्ही रविवारपर्यंत थांबलो नाही, पण थांबलो असतो तरी याहून जास्त गर्दी झाली नसती. संस्थेची पोलादी फीत मी मागून आणली. मास्तरांच्या बायकोने फितीचं शून्य चर्चच्या पायरीवर अंगठ्याने दाबून धरलं. मी मधे, मास्तर पुढे. खानावळवाला दारात आला, शिंपी गळ्यात टेप घेऊन आला, पोरं तर होतीच.

"काय मास्तर, आज सफरचंद नाही?"

"आज अक्कल मोजतोय," बायकोने पायरीवरून उत्तर दिलं. "हलू नका, फीत हलते."

दीडशे मीटर झाले तेव्हा मास्तर एका भिंतीजवळ उभे होते आणि नावाड्याचं घर अजून पुढे होतं. त्यांनी त्या घराकडे असं बघितलं, जणू ते रात्रीतून तिथे सरकलं होतं. आम्ही फीत उचलून पुढे नेली. एकशे ऐंशी मीटरला मास्तरांचा हात नावाड्याच्या दाराला लागला.

सहाशे फूट, एकशे ऐंशी मीटर. एक फूट तीस सेंटिमीटरचं.

मास्तर दाराच्या पायरीवर बसले. मला वाटलं, आता यांना पाणी आणावं लागणार. मग त्यांनी हॅट काढली, आभाळाकडे फेकली, आणि ती नदीत पडली.

"मी गाढव आहे," ते गर्दीला म्हणाले. मग उठून उभे राहिले आणि दुप्पट आवाजात म्हणाले, "ऐकलंत का? मी गाढव आहे. ते बरोबर आहेत. वीस वर्षं मी त्यांना चुकीचं वाचत होतो."

बायको फीत गुंडाळत आली. "हे मी तुम्हाला न मोजता सांगितलं असतं," ती म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते.

प्राध्यापकांना पटवणं कठीण गेलं. ते म्हणाले, लोणच्यावरून कोणी नदीचा अहवाल बदलत नाही. मी म्हणालो, अहवाल बदलू नका, मला फक्त बारा सेंटिमीटर सिमेंट द्या. दोनशे चाळीस फूट, तीसच्या हिशेबाने बहात्तर मीटर. गावाने बारा मीटर कमी बांधलं होतं. माझ्या छोट्या ऱ्हाईनमध्ये बारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. प्राध्यापक म्हणाले, "पण ते अधिकाऱ्यांसमोर. आधी स्वतःपुरतं बघून मग निकाल सजवायचा नाही." आता बघा, हा माणूस मास्तरांना भेटला नव्हता, तरी भाषा तीच.

ठरलेल्या दिवशी नदी खात्याचे तीन अधिकारी आले. मास्तर नव्या हॅटमध्ये आले. मी आधी साठ सेंटिमीटरचं थोटूक दाखवलं. जांभळा रंग गावच्या काठावर जाऊन आदळला. अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. मग मी पंप बंद केला, बारा सेंटिमीटरचा तुकडा टोकाला बसवला आणि पुन्हा पाणी सोडलं. आधी पाहून घेतलेलं नव्हतं. चुकलं असतं तर त्या गणित्याला दुसऱ्यांदा आणि कायमचं हरवायला मीच कारण झालो असतो.

रंग निघाला. थोटकाच्या जुन्या टोकापाशी आला, नेहमीप्रमाणे गिरकी घ्यायला वाकला, आणि त्याला पुढे दगड लागला. तो तसाच पुढे सरकला. नव्या टोकावरून सुटला आणि सरळ रेषेत नदीच्या मधोमध गेला. गावच्या काठाजवळचं पाणी स्वच्छ राहिलं. पाच मिनिटं राहिलं, दहा मिनिटं राहिलं. शेवटी तिथे वाळू साचायला लागली. सव्वाशे वर्षांपूर्वी गेलेलं कुरण माझ्या डोळ्यांदेखत तळहाताएवढं परत येत होतं.

मोठे अधिकारी चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे गणिती बरोबर होते."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मास्तर म्हणाले.

"मग इतकी वर्षं हे लक्षात कसं आलं नाही? चुकलं कोण?"

बाहेरचा कोणी असता तर म्हणाला असता, गवंडी चुकले, जुना काळ चुकला. मास्तरांनी टाचा जुळवल्या, आपलं पूर्ण नाव, हुद्दा आणि निवृत्तीचं साल सांगितलं, आणि म्हणाले, "पहिल्यांदा गाव. त्यानंतर मी. कृपया दोन्ही लिहून घ्या." त्यांच्या तोंडावर असा आनंद मी ना आधी पाहिला, ना नंतर कोणाच्या लग्नात पाहिला. प्राध्यापकांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "आत्या अजून आहेत ना तुमच्या? आभार कळवा."

थोटूक पाडलं गेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात, पाणी उतरल्यावर, दगडांनी भरलेली सपाट बोट आली आणि राहिलेले बारा मीटर बांधून झाले. मोठ्या बोटींची वाट नदीच्या मध्यात गेली, त्यामुळे खातंही खूश होतं. गावच्या प्रमुखांनी जुन्या आणि नव्या दगडांच्या सांध्यावर पाटी बसवायचं ठरवलं आणि 'थोर सुपुत्र' वगैरे मजकूर तयार केला. मास्तरांनी तो खोडला.

"ते सुपुत्र नव्हते. आपण त्यांना उतरू दिलं नव्हतं." आणि स्वतः मजकूर लिहून दिला: 'इथपर्यंत आम्ही मोजलं. इथून पुढे त्यांनी.'

"यात गावाची चूक दिसते," प्रमुख कुरकुरले.

"बारा मीटर आहे. लपवणार कुठे?"

उद्घाटनाला भाषण करायला मास्तरांनी नकार दिला. त्यांनी एकच अट घातली. पंचायतीच्या प्रत्येक सभासदाने शेवटच्या टोकापर्यंत चालत जायचं आणि सांधा ओलांडताना हॅट काढायची. डिसेंबरची थंडी, ओले दगड, दोन्ही बाजूंना पाणी. सगळे सभासद काळ्या कोटात, एकमेकांच्या बाह्या धरून, तोल सांभाळत निघाले. प्रमुख, पाद्री, खानावळवाला, शिंपी. सांध्यापाशी येऊन प्रत्येक जण थांबत होता, समोरच्या मोकळ्या पाण्याकडे बघत होता आणि हॅट काढत होता. काठावर सगळं गाव उभं होतं. मास्तर सर्वांच्या पुढे टोकावर उभे होते, आणि नदी त्यांच्या पायाशी फुटून पलीकडे वळत होती.

मी रांगेत शेवटचा. माझ्या मागे मास्तरांची बायको. सांध्यावर आलो आणि लक्षात आलं, मी बोडक्याने आलो आहे. सगळे वळून बघायला लागले. मास्तरांची बायको पुढे झाली, तिने आपली पिवळ्या पिसाची हॅट डोक्यावरून उतरवली, माझ्या डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाली, "हं. आता काढा."

मी काढली.